भाऊ, तो बॉल ओला होता

भाऊ, चौकातल्या बॅनरवर तुमच्या फोटोखाली 'अनंतात विलीन' असं छापलंय. कसलं अनंत आणि कसलं काय! तुम्ही कुठं विलीन झालात ती जागा मी बघून आलेय. एरंडोलच्या बायपासवर, डिव्हायडर ओलांडल्यावर तीन पावलांवर, वाळूच्या डंपरच्या पुढच्या चाकाखाली. मी पोलिसातली बाई, मला कोणी गुळमुळीत सांगायला जात नाही. धुळ्याहून मी पोचले तोवर तुम्हाला उचलून नेलं होतं, पण तुमची एक चप्पल अजून रस्त्यावरच होती आणि तिच्यावरून खुशाल गाड्या जात होत्या. मी मधोमध उभी राहून रहदारी थांबवली, चप्पल उचलली, आणि समोर आला त्या पहिल्या ट्रकवाल्याच्या बॉनेटवर काठी आपटून त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. त्याचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता. बिचारा हात जोडून बसून राहिला.

तिथल्या ठाण्यात ओळखीनं मला पंचनामा वाचायला मिळाला. असले कागद मी स्वतः कितीतरी लिहिलेत, त्यातली भाषा मला पाठ आहे. पण त्यात एक ओळ होती: 'मयताचा डावा डोळा पूर्वीपासून निकामी असल्याने डावीकडून येणारे वाहन त्यांना दिसून आले नसावे.' डिव्हायडर ओलांडला की गाड्या डावीकडूनच येतात. लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलंय. मी कागद परत दिला, बाहेर आले आणि ठाण्याच्या भिंतीवर मूठ हाणली. करंगळीजवळचं हाड अजून दुखतंय.

तो डोळा माझ्या थ्रोनं गेला हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. चौदा वर्षांपूर्वी, प्रॅक्टिसमध्ये, चुकून. हा 'चुकून' तुम्हीच सगळ्यांना वाटलात आणि मीही माझ्या वाटणीचा निमूट घेतला. चुकून नव्हता, भाऊ. नेम धरून मारला होता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही गेलात, आणि आता वहिनींना तरी सांगायचं की नाही, या एका गोष्टीनं मी बारा दिवस जेवले नाही की धड झोपले नाही.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला तुमच्या सोयीचं तेवढंच आठवायचं, ही तुमची जुनी खोड.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तुम्ही एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, आणि ड्यूटी सुटली की कॉलेजमागच्या मैदानावर आम्हा पोरींना सॉफ्टबॉल शिकवायचे. नखांत ग्रीस, तोंडात शिव्या. मला बघून म्हणालात, "बसता येस का उकिडवं? मंग कॅचर." माझ्या साहेबांना हा खेळ समजावून सांगताना मी अजून तुमचीच वाक्यं वापरते. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागं बसणारी. पिचरनं टाकलेला बॉल झेलायचा. आणि पहिल्या बेसवरची पोरगी चोरून दुसऱ्या बेसकडं पळाली, की बसल्या जागेवरून उठून, पिचरच्या डोक्यावरून, थेट दुसऱ्या बेसवर फेकायचा. पंचवीस-सव्वीस मीटर. बॉल आधी पोचला तर ती मेली, पोरगी आधी पोचली तर आपण मेलो.

मी झेलायची बरी. पण माझा थ्रो दुसऱ्या बेसपर्यंत तीन टप्पे खात जायचा. उज्ज्वलाचा सरळ जायचा, सुतात, एकही टप्पा नाही. म्हणून ती कॅचर आणि मी राखीव. राखीव म्हणायची सुद्धा तुम्ही दया दाखवली नाहीत. डेपोतला माणूस, तुम्ही मला 'स्टेपनी' म्हणायला लागलात. "ए स्टेपनी, पाणी आन." "ए स्टेपनी, मास्क दे तिले." तुमच्या लेखी ते जादा चाक. पण आमच्याकडची पोरं त्या शब्दाचा दुसरा, ठेवलेल्या बाईचा अर्थ घेतात हे तुम्हाला कळत नव्हतं का हो? कॉलेजच्या गेटवर एकानं मला त्या नावानं हाक मारली तेव्हा मी त्याच्या तोंडात सायकलची साखळी घातली. दात पडला त्याचा. त्याचा बाप तुमच्याकडं तक्रार घेऊन आला, तर तुम्ही त्याला विचारलंत, एकच पडला का?

आणि मग तुमचं ते वाक्य, ज्याच्यावरून आपण चौदा अधिक दोन अशी सोळा वर्षं भांडलो. मी विचारलं होतं, "भाऊ, माझा हात तयार होईल का?" तुम्ही विडी विझवली आणि म्हणालात, "हात मायना पोटमाईन येस. तो बनत नई. पाय बनतस." पाय लवकर ठेव, कोपर वर ने, बॉल हातात खेळवत बसू नको, मग वेळ वाचेल आणि तुझा लंगडा थ्रोही कधीमधी पोचेल. पण खांद्यातला जोर? तो घेऊन यायचा असतो. उज्ज्वला घेऊन आलीय, तू नाही आलीस.

मला असा राग आला, असा राग आला! अरे, तुम्ही डेपोत भंगारातली इंजिनं उभी करता, आणि माणसाचा खांदा म्हणे बनत नाही!

मग मी मागं लागले. आणि गंमत बघा, बनत नाही म्हणणाऱ्यानंच मला साधनं पुरवली. टायरच्या ट्यूबचे पट्टे तुम्हीच कापून आणलेत, कडुनिंबाला बांधून ओढायला. हंगाम संपल्यावर आमच्या शेतातल्या कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या मी हातांनी उपटायचे, तेव्हा पकड कशी घट्ट होते ते तुम्हीच दाखवलंत. आणि ओल्या बॉलची युक्ती तर तुमचीच. फाटकी शिवण असलेले जुने बॉल आदल्या दिवशी बादलीत टाकायचे. रात्रभर पाणी पिऊन ते दीडपट जड व्हायचे. ते रोज पन्नास फेकायचे, भिंतीवर. पहिल्या महिन्यात मला वेणी घालायला हात वर जात नव्हता, आई घालायची आणि तुम्हाला शिव्या द्यायची. तुमचा नियम एकच होता आणि तो तुम्ही फॅनबेल्टनं आमच्या पोटऱ्यांवर लिहिला होता: ओला बॉल माणसावर फेकायचा नाही. ओल्यांची बादली होम प्लेटच्या, म्हणजे कॅचरच्या जागेच्या, डाव्या हाताला, कोरड्यांची पिशवी उजव्या हाताला. आणि समोरच्याचा ग्लोव्ह वर नसेल तर बॉल सोडायचाच नाही.

फॅनबेल्टचं लिहिलंच आहे तर ते पण होऊन जाऊ दे. तुम्ही मारायचे, भाऊ. लोक तुमच्या गंधमुक्तीला, बाराव्याच्या विधीला, 'कडक शिस्तीचे' म्हणाले. मारकुटे होतात तुम्ही. मला चेस्टगार्ड काढून बसवायचे आणि दहा पावलांवरून छातीवर बॉल मारायचे, म्हणे कॅचरनं बॉलला भ्यायचं नाही. माझ्या अंगावर काळेनिळे डाग असे पडले होते, की मावशीनं आईला गुपचूप विचारलं, पोरीचं कुठं काही लफडं आहे का. आज कोणी पोरींना असं मारताना मला दिसला, तर त्याला फरफटत नेऊन त्याच्यावर गुन्हा दाखल करीन. तुम्ही असतात तरी केला असता. हे मी तुमच्या तोंडावर दोनदा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "कर ना. पण नोकरी माराच्या आधी लागली का नंतर?" 

आणि तोच माणूस अमळनेरच्या स्टँडवर. आठवतं? सामना खेळून येत होतो, गर्दीत एकानं आमच्या पिचरच्या अंगाला हात लावला. ती रडायला लागली. तुम्ही सरळ किट उघडली, बॅट काढली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. तो खाली बसला तर दुसऱ्या गुडघ्यावर. लोक धावले, तुमचा शर्ट फाटला, ओठ फुटला. एस.टी.त चढल्यावर तुम्ही पिचरला म्हणालात, "उद्या पाच वाजता मैदानवर. उशीर व्हयना तं तुले बी." आम्ही तेरा जणी त्या रात्री पहिल्यांदा निर्धास्त झोपलो. तुम्ही मारायचे म्हणून आम्ही तुम्हाला भ्यायचो, आणि तुम्ही मारायचे म्हणूनच आम्हाला कोणाची भीती नव्हती. हा गुंता मला अजून सुटलेला नाही. सुटणारही नाही आता.

दोन वर्षं मी तो हात घासला. तीन टप्प्यांचे दोन झाले, दोनाचा एक झाला. मी तुम्हाला ओरडून दाखवायचे, "भाऊ, एक! एकच टप्पा!" तुम्ही म्हणायचे, "पाय सुधारना. हात तोच शे." अहो, एकदा तरी हो म्हणायचं. काय गेलं असतं तुमचं?

मग धुळ्याची फायनल आली.

धुळ्याच्या मैदानावर, धुळ्याच्या पोरींशी, धुळ्याच्याच गर्दीत. या सामन्यात जी खेळेल तिचं पुढं सर्टिफिकेट होणार, त्यावर नोकरीला अर्ज करता येणार. राखीवचं काही होत नाही. तिसऱ्याच डावात त्यांची एक धटिंगण स्पाइक्स वर करून घसरत आली आणि उज्ज्वलाच्या अंगठ्यावर चढली. अंगठा उलटा फिरला. उज्ज्वला किंचाळत होती, आणि मी... खोटं कशाला बोलू, मी मास्क चढवला होता. दोन वर्षं मी ज्याची वाट बघितली तो अंगठा मोडला होता.

तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या बेसवरच्या निशाला हाक मारली, जिनं आयुष्यात कधी मास्क घातला नव्हता, आणि तिला मागं बसवलंत. मी विचारलं, "भाऊ, मी?" तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तुना थ्रो टप्पा खात जास. त्या पोरी तुले चोरी चोरी खाई जातीन." निशाचा थ्रो जायचा हो सरळ, पण तिला झेलता कुठं येत होतं? चार बॉल तिच्या पायांमधून गेले. चार धावा. आपण दोनानं हरलो. मी अख्खा वेळ मास्क घालून बाकावर बसले होते. काढायचं सुचलंच नाही.

सामना संपल्यावर त्यांच्या पोरी माझ्यासमोर येऊन टाळ्या वाजवायला लागल्या. "स्टेपनी, स्टेपनी!" तुमच्याच तोंडून ऐकलं होतं त्यांनी. मी तोंडावरचा मास्क उपसला आणि त्यांच्या पुढच्या पोरीच्या नाकावर हाणला. मग जी जुंपली! केस, नखं, लाथा, कोणाची बॅट कोणाच्या पाठीत. मी खाली पडले होते आणि एकीच्या मनगटाला चावले होते, तोंडात रक्त आलं, माझं की तिचं कोण जाणे. तुम्ही आलात, मला वेणीला धरून उठवलंत आणि धुळ्याच्या त्या सगळ्या माणसांसमोर माझ्या कानाखाली जाळ काढलात. एकदा नाही, दोनदा. म्हणालात, "मैदानवर कुत्रीगत लढस, तेवढा जोर हातमा राहता तं खेळाडी नसती का तुले?"

परतीच्या गाडीत माझा डावा कान वाजत होता. 

दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रॅक्टिस ठेवलीत, शिक्षा म्हणून. उज्ज्वलाचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून होम प्लेटवर मी. दुसऱ्या बेसवर तुम्ही स्वतः ग्लोव्ह घालून उभे. मी फेकत होते, एक टप्पा, एक टप्पा, परत एक टप्पा. प्रत्येक वेळी तुम्ही मान हलवायचे. मग तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपच्या पोरीवर ओरडायला म्हणून उजवीकडं तोंड फिरवलंत. ग्लोव्ह कमरेशी. काय ओरडलात तेही आठवतं, "झोपी गयी का वं?"

माझा हात डावीकडं गेला. गेला कसला, मी नेला. बादलीत हात घातला, बॉल उचलला, मनगटावरून कोपरापर्यंत पाणी ओघळलं. ओला आहे हे हातात घ्यायच्या आधीपासून मला माहीत होतं. ग्लोव्ह खाली आहे हे दिसत होतं. मी पाय ठेवला, कोपर वर नेलं, सगळं तुम्ही शिकवल्याप्रमाणं, आणि तुमच्या कानाच्या वर नेम धरून सोडला. तुम्ही त्याच क्षणी तोंड परत फिरवत होतात.

एकही टप्पा पडला नाही, भाऊ. दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि तोही ओला बॉल, दीडपट जड.

नारळ फुटल्यासारखा आवाज आला. तुम्ही गुडघ्यांवर बसलात, ओरडला नाहीत. बोटांमधून रक्त आणि अजून काहीतरी पातळसं येत होतं. पोरी किंचाळत धावल्या. मी जागची हलले नाही. खरं सांगू? पहिला विचार आला तो असा, की पोचला! त्या विचाराची मला आजही शिसारी येते. तुमच्या डोळ्याचा चिखल झाला होता आणि मी मनातल्या मनात टप्पे मोजत होते.

तुम्ही एका हातानं डोळा दाबून उठलात. बॉल शोधून उचललात, दाबून बघितलात. मग चालत चालत, थेंब गाळत, सव्वीस मीटर माझ्यापर्यंत आलात, त्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलंत, आणि बॉल बादलीत टाकलात. पोरींकडं वळून म्हणालात, "ओला बॉल पिशवीमा जायेल व्हता. मी तपासा नई. मन्ही चूक शे." आणि मग डेपोतल्या कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून जळगावला दवाखान्यात गेलात.

पिशवीत नव्हता तो. बादलीतून काढलेला तुम्हाला दिसला नसेल, पण पिशव्या तुम्ही रोज स्वतः तपासायचे. मग ती चूक अंगावर का घेतलीत?

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आले. वहिनी उशाशी बसल्या होत्या, रडून रडून तोंड सुजलेलं. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, पोरी, मनाला लावून घेऊ नको, चुकून झालं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तुम्ही पट्टीखालून बोललात, "नेम बराबर व्हता. जोर नई व्हता. जोर राहता तं मी मरी जातू." आणि हसलात! त्या अवस्थेत, ठणका मस्तकात जात असताना, तुम्ही आपलं भांडण सोडलं नाहीत. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसले, हसले, मग ओकले. त्या दिवसापासून रोज वाटलं की सांगावं, आणि रोज वाटलं की तुम्हाला माहीतच आहे. ठाण्यात तो पंचनामा वाचताना तुमचं हेच वाक्य माझ्या कानात वाजलं. जोर होता, भाऊ. चौदा वर्षं लागली, पण मेलात तुम्ही त्यानंच.

दवाखान्यातून आलात आणि पहिल्याच सामन्याला मला कॅचर केलंत. उज्ज्वलाचा अंगठा तोवर बरा झाला होता, तरी मलाच. कोणी विचारलं तर म्हणायचे, पाय चांगले झालेत तिचे. मी खेळले. चोरणाऱ्या पोरी दुसऱ्या बेसवर मारल्या, एकामागून एक. सर्टिफिकेट झालं, पोलिसात लागले, धुळ्याला घर झालं. तुमच्या हातचा मार आणि तुमच्या हातची भाकरी, दोन्ही माझ्या अंगात मुरलंय. शपथ घेतली त्या दिवशी तुम्ही परेडच्या मैदानाबाहेर डेपोचा खाकी शर्ट घालून उभे होतात आणि काळा चष्मा सारखा सावरत होतात. मी पाया पडले तर म्हणालात, "बठ्ठं ठीक शे. पण हात काही बनत नई, ध्यानमा ठेव."

मेहेरबानी होती का ती? की माझी भीती वाटली तुम्हाला? की तुम्हाला वाटलं, एवढ्या रागाची पोरगी बाकावर बसवण्यात अर्थ नाही? चौदा वर्षं तुम्ही दर महिन्याला फोन केलात, टीव्हीवर कोणाचा थ्रो बघितला की. "पाहिला का? जन्मना हात शे तो." मी म्हणायची, "मेहनतीचा आहे." तुम्ही फोन आपटायचे. शेवटचा फोनही तुम्ही आपटलाच. मी उलटा केला नाही, म्हटलं, म्हाताऱ्याला जरा कुढू दे. आठ दिवसांनी बायपासवरची बातमी आली.

काल तुमची गंधमुक्ती झाली. दारावर सांत्वनाला येणारी माणसं येऊन गेली, पंगती उठल्या, सगळे पांगले. वहिनी मागच्या अंगणात भांड्यांच्या ढिगापाशी बसल्या होत्या, पाण्याचा पितळी तांब्या शेजारी. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. पोलिसातली बाई मी, माणसं माझ्यासमोर कबुल्या देतात, मला माहीत आहे की सुरुवात लांबवली की माणूस कच खातो. म्हणून एका दमात सांगितलं. "वहिनी, तो बॉल चुकून नव्हता लागला. मी ओला बॉल मुद्दाम बादलीतून काढला आणि भाऊंना नेम धरून मारला. तो डोळा असता तर त्यांना डंपर दिसला असता."

वहिनी हातातलं ताट पुसतच राहिल्या. पुसून झालेलं परत पुसलं. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "त्यासले माहीत व्हतं?"

मी म्हटलं, "मला वाटतं, होतं. त्याच दिवशी कळलं असणार. त्यांनीच बॉल परत बादलीत टाकला."

"आनी तरी तुले खेळाडी?"

"हो. खेळवली."

"चौदा वरीस," वहिनी म्हणाल्या. आवाज एकदम बारीक. "चौदा वरीस मी त्या डोयामा थेंब टाकात. सकाय-संध्याकाय. त्या ठणकाघाई भिंतले डोकं घासेत. मी देवले कोसू, पिशवीले कोसू, नशीबले कोसू. तुले दरसाल भाऊबीजले जेवाले वाढं. आनी त्यासनी माले एक शब्द नई सांगा?"

मी काही बोलणार तोच त्यांनी तांब्या उचलला. वहिनींचा उजवा खांदा धरलेला आहे, त्यांना मागं हात नेऊन अंबाडा बांधता येत नाही, हे तुम्हालाच माहीत. तोच हात डोक्यावर गेला आणि तांब्या सुटला. पाण्यासकट. तो हात कोणाच्या पोटातून आला होता ते मला विचारू नका. मला तांब्या येताना दिसत होता, भाऊ. सगळा दिसत होता, त्यावरचे पोचेसुद्धा. मी कॅचर आहे, झोपेतही झेलला असता. मी हात मांडीवरच ठेवले.

डोळ्यांपुढं पांढरं झालं. मग गरम गरम ओघळ नाकावरून तोंडात. वहिनी उठल्या, माझ्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या, केस धरून डोकं हलवलं, "मर, मर रांडे, मन्हं सौभाग्य खाई गयी," आणि मग त्याच हातानं पदराचा बोळा करून माझ्या भुवईवर दाबून धरला, इतका जोरात की मी कळवळले. शिव्या चालू आणि दाबणंही चालू. शेजारच्या बाया धावत आल्या. एकीनं विचारलं, काय झालं गं? वहिनी म्हणाल्या, घसरली, तांब्यावर पडली.

बाया गेल्यावर त्या कितीतरी वेळ तशाच बसून होत्या, माझं डोकं पोटाशी धरून.  मग माझ्या केसांत तोंड घालून म्हणाल्या, "त्यासले आते मारता येत नई ना, म्हणीसन तुले मारं."

चार टाके पडलेत, भाऊ, डाव्या भुवईवर. त्यातले दोन तुमचे आहेत.